माझी माळ शेतात जाते

आदरणीय भन्तेजी, शाळेचे मुख्याध्यापक, सर्व शिक्षकवर्ग, एरंडोलचे आणि बाहेरगावाहून आलेले आप्तजन, आणि विजयाच्या विद्यार्थ्यांनो,

आपण बसून बोललात तरी चालेल, असे मला थोड्या वेळापूर्वी सुचविण्यात आले. सुचविणाऱ्यांचा मी आभारी आहे. तथापि मी उभा राहूनच बोलेन. माझी पत्नी आयुष्यभर उभी राहून बोलली. तिच्याविषयी बसून बोलणे मला प्रशस्त वाटत नाही.

भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिले, त्या वेळी माझा आवाज आपल्या आवाजात मिसळून गेला होता. आता मला एकट्याने बोलायचे आहे. आमच्या घरात बोलण्याचे काम विजयाकडे होते आणि ऐकण्याचे माझ्याकडे. ही वाटणी इतकी वर्षे विनातक्रार चालली. आज ती मोडली आहे. माझ्या बोलण्यात काही चुकले, तर आपण ते विजया चुका वाचत असे तसे वाचावे. तसे म्हणजे कसे, ते पुढे सांगतो.

मंडळी, मी केवळ आभार मानण्यासाठी उभा राहिलेलो नाही. मला एक नकार द्यायचा आहे. शाळेने ठरविले आहे की दरवर्षी दहावीच्या परीक्षेत मराठी विषयात प्रथम येणाऱ्या विद्यार्थ्याला ‘कालकथित विजयाताई स्मृती ढाल’ द्यायची. हेतू अत्यंत चांगला आहे. मुख्याध्यापक सर स्वतः घरी आले. ते म्हणाले, “साहेब, बाईंचं नाव राहिलं पाहिजे.” मी म्हणालो, “सर, मला सभेपर्यंत वेळ द्या.” सभा आज आहे. सर, ती ढाल मला नको आहे. तिच्याऐवजी मला दुसरे काही हवे आहे. ते मागण्याचा मला अधिकार आहे की नाही, हे आपण सर्वांनी माझे बोलणे ऐकून ठरवावे.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. गावोगावी मला ‘मोजणीवाले साहेब’ म्हणत. माझ्या कामाचा पहिला धर्म असा, की माप सर्वांना एकच. शेत सरपंचाचे असो की विधवेचे, मोजणीची साखळी तीच. ती लांबत नाही, आखडत नाही, कोणाकडे पाहून हसत नाही. मी तो धर्म पाळला. त्याचा मला अभिमान आहे. आणि लग्न मात्र अशा स्त्रीशी झाले, जी एकाच वर्गात एकाच कवितेवर चार वेगवेगळे प्रश्न देत असे. घरात वाद होणार नाहीत तर काय होणार?

विजया धुळ्याकडची. खेड्यातली. तिच्या माहेरी घरात अहिराणी आणि दारात अहिराणी. प्रमाण मराठी तिने पुस्तकातून मिळविली, आणि पुढे तीच शिकविण्याची नोकरी मिळविली. मी जळगाव शहरातला. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो, तेव्हा सासूबाईंनी विचारले, “जवाईबापू, डोया कसाले लाल शेतस?” मला काही केल्या अर्थ लागेना. विजया म्हणाली, “डोळे का लाल आहेत, असं विचारतेय आई. धुळीने झाले म्हणून सांगा. आणि एवढं शिकून एवढंही कळत नसेल, तर माझ्या वर्गात बसायला या.”

डोया म्हणजे डोळा. शाया म्हणजे शाळा. केयी म्हणजे केळी. आपल्याकडे खेड्यात पुष्कळदा ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. मला ते सासुरवाडीत कळले. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण विजयाच्या शिकविण्याची दिशा याच एका अक्षरावरून ठरली.

तिची नोकरी पारोळ्याला सुरू झाली. तेथे तिच्या वर्गात गोकुळ नावाचा एक विद्यार्थी होता. घरी अहिराणीखेरीज दुसरी भाषा नाही. निबंधाचा विषय होता ‘माझी आई’. गोकुळने लिहिले: ‘माझी माळ रोज शेतात जाते. माझी माळ खूप कष्ट करते. माझ्या माळीला सगळे अक्का म्हणतात.’

आपण हसलात. हसावे. शिक्षकांच्या खोलीतही सगळे हसले होते. एक सहकारी म्हणाले, “बाई, माळ गळ्यात घालतात, तुमचा विद्यार्थी तिला शेतात निंदायला पाठवतोय.” विजयाने तो कागद घरी आणला आणि माझ्यापुढे ठेवला. मीही हसलो. ती थांबली. माझे हसू संपू दिले. मग म्हणाली, “झालं? आता परत वाचा.”

मी परत वाचले. मला काही दिसले नाही.

ती म्हणाली, “हा घरी शाया म्हणतो. आम्ही सांगतो, शाळा म्हण. डोया म्हणतो, आम्ही सांगतो डोळा. फया नाही, फळा. काया नाही, काळा. कोणी त्याला नियम शिकवला नाही. त्याने स्वतः काढला, की जिथं घरी य, तिथं शाळेत ळ. आणि घरी आई म्हणजे माय. मग शाळेत काय झाली?”

“माळ,” मी म्हणालो.

“माळ. अहो, अख्ख्या वर्गात व्याकरणाचा नियम स्वतःच्या डोक्याने शोधणारा हा एकटा आहे. फक्त एका जागी जास्तीचा लावला.” मग ती म्हणाली, आणि ते वाक्य मी विसरू शकलेलो नाही, “आम्ही त्याला इतकं घाबरवलं आहे, की त्याने आपल्या आईलासुद्धा शुद्ध करून आणली.”

मंडळी, तिने त्या शब्दावर तांबडी रेघ मारली नाही. समासात लिहिले, ‘वा!’ आणि दुसऱ्या दिवशी गोकुळला फळ्याजवळ बोलावून वर्गाला सांगितले, की याने एक शोध लावला आहे. त्याला काम दिले. घरी ‘य’ आणि शाळेत ‘ळ’ होणारे शब्द एका बाजूला, आणि दोन्हीकडे ‘य’च राहणारे दुसऱ्या बाजूला. माय, गाय, पाय, साय. “यांना हात लावायचा नाही,” ती म्हणाली. गोकुळने गंभीरपणे विचारले, “बाई, मंग गायले गाळ म्हनानं नही ना?” वर्ग लोळला. पण या वेळी गोकुळही हसत होता. हसण्याहसण्यातला फरक मला विजयाने शिकविला.

गोकुळ आज येथे आहे. पारोळ्याला त्याचे ठिबकच्या साहित्याचे दुकान आहे. तो भाषेचा पंडित झाला नाही, आणि व्हावे अशी विजयाची अटही नव्हती. दर दिवाळीला त्याचा फोन येई आणि पहिले वाक्य ठरलेले असे, “बाई, मन्ही माळ बरी शे.” दोघे किती वेळ हसत. मी शेजारी बसून ऐकत असे.

तेव्हापासून विजया म्हणे, की चूक आधी वाचायची असते, खोडायची नंतर. मूल कोणत्या वाटेने येत आहे, ते चुकीत दिसते. आणि मुले एका वाटेने येत नाहीत, हे एकदा दिसले, की सगळ्यांना एकाच वाटेवर उभे करून ‘चला’ म्हणणे तिला अशक्य झाले. एखादे मूल वाचताना अडखळे, पण ऐकलेले सगळे त्याच्या ध्यानात राही. एखाद्याला कवितेत रस नसे, पण क्रिकेटचे समालोचन तोंडपाठ असे. त्याला ती म्हणे, “मग या कवितेचं समालोचन कर.” आणि तो करीत असे, खरोखर करीत असे: “आणि नाव अजून आलेली नाही… काठावर एकच बाई शिल्लक… वातावरण अत्यंत तंग!” शेजारच्या वर्गातले शिक्षक दारात येऊन उभे राहत. मराठीचा तास आहे की मैदान, असा त्यांना प्रश्न पडे. विजया म्हणे, “सर, आत या. सामना रंगात आलाय.”

एरंडोलला आल्यावर तिने गुरुवारचा तास यासाठी राखून ठेवला. धडा एकच. कविता एकच. प्रश्न चार प्रकारचे. कोणी चित्र काढायचे, कोणी घरच्या बोलीत सांगायचे, कोणी कवीला उलट प्रश्न विचारायचा, आणि ज्यांची तयारी चांगली त्यांनी रसग्रहण लिहायचे. कोणाला कोणता प्रश्न, ते ती ठरवीत असे. आणि येथेच एक माणूस तिला आडवा गेला. तो आडवा गेला, हे फार चांगले झाले.

सुकदेवभाऊ. आपल्यापैकी अनेकजण त्यांना ओळखतात. बाजार समितीत हमाली करीत. आपल्याच समाजाचे. त्यांची मुलगी करुणा विजयाच्या वर्गात नववीला होती. एका रविवारी सकाळी भाऊ आमच्या घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसले. विजया चहाला उठली, तर म्हणाले, “चहा मांगून, ताई. पहिले सांगा, मन्ही पोर कोनती गोष्टमा कमी शे?”

“कोणत्याच नाही, भाऊ.”

“मंग तिले चित्र, आन पाटीलनी पोरले रसग्रहण, हाई कसं काय?”

विजया म्हणाली, “भाऊ, करुणा अजून वाचताना अडखळते. म्हणून आत्ता…”

“अडखयस म्हनीसनच तं तिले शायामा टाकी ना!”

मग भाऊ आवाज खाली आणून म्हणाले, “ताई, मन्हा बाप येगयी पंगतमा बठना. मी बी बठनू. आते मन्ही पोर शायामा बी येगयीच बठी का?”

मंडळी, वेगळी पंगत म्हणजे काय, हे या सभागृहातील निम्म्या लोकांना समजावून सांगण्याची गरज नाही. माझ्या वडिलांना ती ठाऊक होती. विजयाच्या आईला ठाऊक होती. मराठीत एक शब्द आहे, पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाच्या भातावर तूप वाढायचे आणि दुसऱ्याला नुसते वरण दाखवून पुढे जायचे. भाऊंनी तो शब्द उच्चारला नाही. पण त्यांनी माझ्या पत्नीवर ठेवलेला आरोप तोच होता, आणि तो आमच्याच घरात, आमच्याच माणसाने ठेवला होता.

भाऊ चहा न घेता गेले. मी विजयाला म्हणालो, “भाऊंचं बरोबर आहे. साखळी एकच हवी.”

ती म्हणाली, “तुमची जमीन मोजताना हलत नाही. माझी हलते.”

“म्हणून काय प्रत्येकाला वेगळं माप?”

“मापाचं नाही हो, भुकेचं बोलतेय मी.”

ती त्या दिवशी जेवली नाही, असे मी सांगणार नाही. ती जेवली. ती नेहमी जेवत असे. पण जेवताना मध्येच थांबे आणि ताटाकडे पाहत राही. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी दाढी करीत असताना, ती मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “भाऊंचं निम्मं बरोबर आहे. चूक वेगळ्या प्रश्नांत नाही. चूक ही, की कोणाच्या पानात काय पडणार, ते मी ठरवलं. वाढपीण मी, आणि कोणाला किती भूक आहे हेही मीच सांगणार? हा पंक्तिप्रपंचच झाला.”

मला या प्रसंगाचा सर्वाधिक अभिमान आहे. तिचे नाव तोवर झालेले होते. इतर शाळांचे शिक्षक तिचा तास पाहायला येत होते. अशा वेळी एका हमालाने तिला सांगितले की तू चुकतेस, आणि तिने त्याला समजावीत न बसता स्वतःला तपासले. आणि तपासून निम्मे मान्य केले. निम्मेच. उरलेले निम्मे तिने सोडले नाही. तेही तितकेच महत्त्वाचे.

पुढच्या गुरुवारी तिने चारही प्रश्न फळ्यावर लिहिले आणि खडू खाली ठेवला. कोणापुढे कोणाचे नाव नाही. सोपा अवघड असा शब्द नाही. “पंगत एकच आहे,” ती म्हणाली, “पदार्थ चार आहेत. ज्याला जे हवं ते घ्या. एक घेऊन दुसरंही घ्या. नको वाटलं तर बदला. पण उपाशी कोणी उठायचं नाही.” आणि तिने सुकदेवभाऊंना निरोप धाडून वर्गात बोलावले होते. भाऊ शेवटच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन, अवघडून बसले होते. मीही त्या दिवशी रजा टाकून दाराशी उभा होतो. विजयाने मला खुर्ची दिली नाही. “पाहुण्यांनी मध्ये बोलायचं नाही,” एवढे बजावले.

कविता साधी होती. संध्याकाळी नदीकाठी एक स्त्री उभी आहे. पलीकडच्या काठावर तिचे घर आहे. नाव येते, नाव जाते. पुन्हा येते, पुन्हा जाते. ती उभीच आहे. मार्गदर्शक पुस्तकांत त्या कवितेविषयी एकच वाक्य छापलेले असते, ‘कवीने वाट पाहण्याची आर्तता अतिशय सुंदर शब्दांत मांडली आहे.’ सगळी मुले तेच लिहीत. सगळ्यांना त्याचे गुणही मिळत.

आणि गंमत पाहा. आता निवड मोकळी होती, तर पाटलांच्या मुलीने चित्र निवडले! विजयाने भुवई वर केली. ती म्हणाली, “बाई, रसग्रहणाचा कंटाळा आलाय.” विजयाने तिला त्या दिवशी चित्र काढू दिले. नंतरच्या आठवड्यात मात्र तिला वेगळेच काम सांगितले. रसग्रहण लिही, पण ‘अतिशय सुंदर शब्दांत’ हे शब्द वापरायचे नाहीत. हुशार मुलगी. पहिल्या ओळीलाच अडली. रडली. मग तिने आयुष्यातले पहिले स्वतःचे वाक्य लिहिले. कमी येणाऱ्याला आधार लागतो, हे सर्वांना कळते. जास्त येणाऱ्याच्या हातातल्या कुबड्या काढून घ्याव्या लागतात, हे विजयाला कळत होते.

करुणाने आपण होऊन चित्रच घेतले. मी भाऊंकडे पाहिले. त्यांचा चेहरा पडला होता. मुलीला निवड दिली, आणि तिने स्वतःच खालचे पान निवडले, असे त्यांना वाटले असावे. मलाही तसेच वाटले.

करुणाचे चित्र झाले. विजयाने ते वर धरले. नदी होती. नाव होती, काठाला लागलेली. स्त्री होती. पण तिची पाठ नावेकडे होती.

“करुणा, नाव तर आली आहे. मग हिनं पाठ का फिरवली?”

करुणा उभी राहिली. म्हणाली, “बाई, ती नावनी वाट नही दखी राहिनी. ती घर जावानं टायी राहिनी.”

ती नावेची वाट पाहत नाही. ती घरी जाणे टाळते आहे.

मग पाटलांच्या मुलीने विचारले, “पण कवितेत तसं कुठं आहे?” तिच्या प्रश्नात खोच नव्हती. तिला खरोखर हवे होते. करुणाने पुस्तक उचलले, बोट ठेवले आणि अडखळत, अक्षर अक्षर लावीत, ती ओळ मोठ्याने वाचली. नाव येते, नाव जाते. पुन्हा येते, पुन्हा जाते. मग मान वर केली. “नाव दोनदा येस आन जास. जानं व्हतं तं पहिलीमाच बठती.” जायचे असते तर पहिल्याच नावेत बसली असती.

विजया म्हणाली, “मी ही कविता इतकी वर्षं शिकवली. मला हे दिसलं नव्हतं.” ती ते कौतुकासाठी म्हणाली नव्हती. घरी येऊनही ती तेच म्हणत होती.

तास संपल्यावर भाऊ व्हरांड्यात थांबले. “ताई, हाई जे मन्ही पोरनी सांगं, ते रसग्रहण व्हतं का?”

“हो भाऊ. तेच रसग्रहण.”

“मंग ते चित्र?”

“तेही तेच.”

भाऊ म्हणाले, “चहा राहीगया ना तो, आते पाजा.”

मंडळी, आता ढालीकडे येतो.

करुणा दहावीला मराठीत प्रथम आली नाही. बेताच्या गुणांनी उत्तीर्ण झाली. आज ती जळगावला परिचारिका आहे, आणि विजयाच्या अखेरच्या आजारात रुग्णालयात तिच्या उशाशी होती. गोकुळ मराठीत कधीही प्रथम आला नाही. समालोचन करणारा तो विद्यार्थी तर शुद्धलेखनात कायम गुण गमावीत राहिला. विजयाला ज्यांचा अभिमान होता, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हाती ही ढाल कधीच आली नसती. पाटलांच्या मुलीला ती मिळाली असती. पण ज्या एका वाक्यासाठी ती रडली, त्या वाक्यासाठी मिळाली नसती. ज्या बाईने पंगत एक केली, तिच्या नावाने आपण पुन्हा एक पाट वर मांडणार आहोत का? सर, मी आपल्यावर रागावून विचारीत नाही. विजयाने विचारले असते म्हणून विचारतो.

आपण मला म्हणाला होतात, “साहेब, शेवटी परीक्षा सगळ्यांना एकच असते.” खरे आहे. विजयाला हे अनेकांनी ऐकविले. ती म्हणे, “परीक्षेचं दार एकच आहे, मला माहीत आहे. पण दारापर्यंत प्रत्येक जण आपापल्या घरून येतो ना.”

म्हणून माझी मागणी अशी. ढाल नको. गुरुवारचा तास ठेवा. तो वेळापत्रकात तिच्या नावाने लिहिला नाही तरी चालेल. फळ्यावर चार प्रश्न असावेत आणि खडू खाली ठेवलेला असावा. विजया आजारी पडल्यापासून तो तास बंद आहे. त्या जागी सराव परीक्षा घेतली जाते. मला शाळेची अडचण समजते. पण तो तास या वर्षी बंद राहिला, तर पुढच्या वर्षी तो होता हेही कोणाला आठवणार नाही. मग ढालीवर नाव कोरलेले राहील, आणि विजया मात्र शाळेतून गेलेली असेल.

तिच्या जागी आलेल्या तरुण शिक्षिका परवा घरी आल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, “सर, तास घ्यायला मी तयार आहे, पण मला बाईंसारखं जमणार नाही.” मी त्यांना सर्वांसमक्ष उत्तर देतो. बाई, आपल्याला तिच्यासारखे जमू नये. सर्वांना एकच प्रश्न देणाऱ्यांशी तिचे भांडण होते. सर्व शिक्षकांनी एकीसारखे शिकवावे, याच्याशीही ते झालेच असते. आपण आपल्या पद्धतीने घ्या. एखाद्या गुरुवारी फसेल. तिचेही फसत असे. फसल्याच्या दिवशी ती घरी येऊन भांडी फार जोरात घाशी, यावरून मला कळत असे.

मुख्याध्यापक सरांनी आत्ता मान हलविली. मी शासकीय नोकरीत होतो, त्यामुळे तोंडी मान्यतेवर विश्वास ठेवण्याची मला सवय नाही. तरीही ही मान होकाराची आहे, असे मी धरून चालतो. साक्षीदार पुष्कळ आहेत.

शेवटची विनंती. यानंतर आपण दोन मिनिटे स्तब्ध उभे राहणार आहोत, असे मघाशी सांगण्यात आले. मी निवेदकांना विनंती केली आहे, की त्यांनी घड्याळ पाहू नये आणि ‘धन्यवाद, बसावे’ असे म्हणू नये. दुःखही सर्वांना एका मापाचे होत नाही. कोणी तिला आयुष्यभर ओळखत होते, कोणी एका तासापुरते. ज्यांना उभे राहवेल त्यांनी उभे राहावे, ज्यांना राहवणार नाही त्यांनी बसावे. लेकरे कुजबुजली तर त्यांना दटावू नये. ज्याचे मौन लवकर संपेल, त्याने खुशाल लवकर निघावे. त्याचे प्रेम कमी होते, असे येथे कोणी समजणार नाही. ज्याचे संपणार नाही, त्याने थांबावे. सभागृह आपल्याकडे संध्याकाळपर्यंत आहे.

विजया, तुला माझे विनम्र अभिवादन.

मंडळी, आता आपापले मौन सुरू करू या. माझे बहुधा सर्वांत शेवटी संपेल. माझ्यासाठी कोणी थांबू नये.